दौंडची लेक आणि ओहोटीचे तीन तास

भीमेच्या आणि घोडनदीच्या काठावरच्या मुलांना समुद्र भेटतो तो भूगोलाच्या पुस्तकात, नाहीतर शाळेच्या सहलीत. शिरूर आणि दौंड ही दोन्ही गावे अरबी समुद्रापासून सरळ रेषेत दोनशे किलोमीटरांच्या आत आहेत. पण मध्ये सह्याद्री उभा आहे, त्यामुळे आपले पाणी पश्चिमेला उतरत नाही. शिरूरची घोडनदी भीमेला मिळते, पुण्याहून येणारी मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेला मिळते, भीमा दौंडवरून उजनीच्या जलाशयात जाते, पुढे रायचूरजवळ कृष्णेत मिसळते आणि कृष्णा थेट आंध्रच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागराला. म्हणजे आपल्या अंगणातल्या पाण्याला समुद्र गाठायला अख्खी दख्खन ओलांडावी लागते.

हे आम्ही दरवर्षी नकाशावर बोट फिरवून वर्गात शिकवतो. पण या नदीकाठची एखादी मुलगी उठून समुद्राचा अभ्यास करायला जाईल, असे फारसे कोणाच्या मनात येत नाही. मुलगी हुशार असेल तर डॉक्टर, नाहीतर डी.एड., बी.एड., फार तर फार्मसी. या महिन्यात आम्ही ज्या विद्यार्थिनीबद्दल लिहीत आहोत, तिने यातले काहीच निवडले नाही. दहावीपर्यंत ती आमच्याकडे होती. वडील रेल्वेत होते, आता निवृत्त आहेत. आजोळ शिरूरला, घोडनदीजवळ. सध्या ती पुण्यात प्राणिशास्त्रात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिचे नाव आम्ही मुद्दाम देत नाही. तिच्या परवानगीने तिच्या टिपणवहीतला एक दिवस मात्र वाचकांपुढे ठेवतो.

परवानगी कशी मिळाली

फेब्रुवारीत विभागाने रत्नागिरीला तीन दिवसांचा क्षेत्रअभ्यास ठरवला. किनाऱ्यावर जाऊन सजीवांची मोजणी, खाडीच्या पाण्याची तपासणी आणि संध्याकाळी प्रयोगशाळेचे काम, असा तो कार्यक्रम. घरी विषय निघाला आणि चर्चा सुरू झाली. मामूंनी एका वाक्यात निकाल दिला, "समंदर में क्या पढ़ाई?" नानीला पाण्याची भीती. अब्बा गप्प. खरे प्रश्न विचारले ते अम्मीने. मुली किती, मुले किती? सोबत बाई शिक्षक आहेत का? रात्री झोपायचे कुठे? पाण्यात किती आत जायचे? फोन लागतो का? आणि लाट आली तर?

मुलगी रडकुंडीला येऊन आमच्याकडे आली. आम्ही तिला सांगितले की अम्मीच्या प्रश्नांना विरोध समजू नकोस. हे प्रश्न कोणत्याही शहाण्या पालकाने विचारायलाच हवेत. ते कागदावर उतरव, विभागात नेऊन दे आणि लेखी उत्तर माग. तिने तसेच केले. प्राध्यापिका बाईंनी एक पानभर उत्तर दिले. त्यात सोबत येणाऱ्या दोन बाई शिक्षकांची नावे व फोन नंबर, मुक्कामाची जागा, तिन्ही दिवसांच्या भरती-ओहोटीच्या वेळा, गुडघाभर पाण्यापलीकडे कोणी जाणार नाही हा नियम आणि जवळच्या रुग्णालयाचा पत्ता होता. अब्बांनी तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "जा, पर रोज रात को फोन करना."

एवढे सविस्तर सांगण्याचे कारण आहे. आपल्या घरांत मुलींच्या शिक्षणाची अनेक दारे रागाने कोणी बंद करत नाही. माहिती नसते म्हणून ती उघडतच नाहीत. त्या एका पानाने जे झाले, ते आमच्या भाषणाने झाले नसते.

चंद्र आणि समुद्राचे कॅलेंडर

तिच्या वहीत पहिल्या पानावर एक वेगळीच नोंद आहे, "आज चाँद की तीन तारीख." समुद्राच्या अभ्यासात चंद्राची तारीख कशाला, असे कोणालाही वाटेल. पण भरती-ओहोटीचे मुख्य कारण चंद्राचे आकर्षण आहे आणि त्याला सूर्याची जोड मिळते. अमावस्येला आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी जवळजवळ एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकत्र होते आणि मोठी भरती येते. कोकणात तिला उधाण म्हणतात. उधाणाच्या दिवसांत पाणी जितके वर चढते, तितकेच ओहोटीला खाली उतरते. अष्टमीच्या सुमारास सूर्य आणि चंद्र काटकोनात असतात, तेव्हा चढ-उतार कमी होतो. त्याला भांग म्हणतात.

आपल्या घरातले हिजरी कॅलेंडर चंद्रावरच चालते. म्हणून महिन्याच्या पहिल्या दोन-तीन तारखा आणि पंधरा ते सतरा या तारखा म्हणजे साधारण उधाणाचे दिवस, आणि आठ-नऊ व बावीस-तेवीस या भांगाच्या आसपासच्या. शिवाय भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, कारण चंद्रही रोज तेवढ्याच उशिराने माथ्यावर येतो. रमजानची आणि ईदची वाट पाहताना आपण आकाशातली ती बारीक कोर शोधतो, त्या वेळी कोकणातला मच्छीमार दोर आणि नांगर तपासत असतो. अर्थात प्रत्यक्ष किनाऱ्यावर उतरायचे तर अंदाज पुरत नाही. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी बंदरांची भरती-ओहोटीची कोष्टके काढतो, ती पाहूनच वेळ ठरवावी लागते.

त्या दिवशी ओहोटी तळाला जाणार होती सकाळी पावणेसातच्या सुमारास. म्हणजे हाताशी वेळ सव्वापाच ते सव्वाआठ, जेमतेम तीन तास. त्यातला पहिला तास अंधाराचा. समुद्र कोणासाठी थांबत नाही, म्हणून सगळी मंडळी पहाटे साडेचारला उठली. सामान बांधून, फजरची नमाज आटोपून, उजाडता उजाडता आमची विद्यार्थिनी इतरांबरोबर खडकांवर होती. पायात जाड तळाचे रबरी बूट, सलवार बुटात खोचलेली, ओढणी डोक्याला घट्ट बांधलेली, गळ्यात दोरीने अडकवलेली पेन्सिल. पेन का नाही? कारण शाई ओल्या कागदावर पसरते, पेन्सिल पसरत नाही.

तीस मीटर दोरी आणि एक चौकट

काम ऐकायला सोपे आहे. भरतीच्या रेषेपासून पाण्याच्या कडेपर्यंत तीस मीटरांची दोरी ताणायची. दर तीन मीटरांवर दोरीला लागून अर्धा मीटर लांब व अर्धा मीटर रुंद अशी चौकट ठेवायची. चौकटीच्या आत जे काही जिवंत आहे ते ओळखायचे, मोजायचे, लिहायचे. दोरीच्या सुरुवातीला एक आणि पुढे दहा, अशा अकरा चौकटी. पुन्हा शेजारी दुसरी दोरी, पुन्हा अकरा.

हिशेब आमच्या सातवीच्या मुलांनाही जमेल. अर्धा गुणिले अर्धा म्हणजे चौकटीचे क्षेत्रफळ पाव चौरस मीटर. समजा चौकटीत बारा शंख मिळाले, तर एका चौरस मीटरला अठ्ठेचाळीस. सगळा किनारा मोजणे कोणालाच शक्य नाही, म्हणून थोडा भाग नीट मोजायचा आणि त्यावरून सगळ्याचा अंदाज बांधायचा. भाताचे एक शीत दाबून पाहण्याचाच हा प्रकार.

वरच्या चौकटीत बारीक शंख होते, खडकाच्या भेगांत दाटीने बसलेले. ते कित्येक तास पाण्याशिवाय राहतात, तोंडाचे झाकण मिटून आत ओलावा जपतात. त्याखाली बार्नॅकल नावाच्या जीवांचा पट्टा. खडकावर पांढरी, खरखरीत, टोकाला भोक असलेली टेकाडे दिसतात, ती त्यांची घरे. हे जीव शिंपल्यासारखे दिसले तरी नात्याने खेकड्याचे आणि कोळंबीचे भाऊबंद आहेत. आणखी खाली कालवे, टोपीच्या आकाराच्या गोगलगायी आणि सगळ्यांत खाली, जिथे पाणी थोडा वेळच हटते, तिथे हिरवे-तपकिरी शेवाळ, खळग्यांत साचलेले पाणी आणि त्यात फुलासारखी उघडलेली समुद्रपुष्पे. समुद्रपुष्प हा प्राणी आहे. बोट जवळ नेले की तो आपल्या पाकळ्या आत ओढून घेतो.

एकाच खडकावर असे मजले कसे पडतात? बाईंनी मुलांना उत्तर सांगितले नाही, आधी विचार करायला लावले. वरच्या मजल्यावर ऊन आणि कोरडेपणा सोसण्याची ताकद लागते. ती ज्याच्यात नाही तो वर टिकत नाही. खालच्या मजल्यावर पाणी भरपूर, पण तिथे जागेसाठी भांडण आणि शिकाऱ्यांचा त्रास. जो त्यात कमी पडतो त्याला वर सरकावे लागते. अशी प्रत्येकाची जागा ठरते. आमच्या विद्यार्थिनीने वहीच्या कडेला लिहिले आहे, "पुस्तकातली आकृती पाठ होती. इथे ती पायाखाली आली."

पायाखाली आले ते कालवांचे धारदार कवचही. सातव्या चौकटीपाशी ती घसरली आणि तळहात कापला. जखम धुऊन पट्टी बांधली आणि काम पुढे चालू. कालवांची धार सुरीसारखी असते, म्हणून अशा ठिकाणी हातमोजे हवेत, अशी नोंद तिने त्याच पानावर केली आहे.

शून्याची नोंद

या दिवसातला आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला प्रसंग नवव्या चौकटीचा. दोरीने सांगितलेल्या जागी चौकट ठेवली, तर आत नुसता घासलेला खडक. एक शंख नाही, शेवाळाचा तुकडा नाही. अवघ्या हातभर अंतरावर मात्र सुंदर खळगा, त्यात खेकडे, शंखात शिरून राहणारे सन्यासी खेकडे, समुद्रपुष्पे. गटातला एक मुलगा म्हणाला, "चौकट थोडी सरकवू या, कोणाला कळणार आहे?"

आमच्या विद्यार्थिनीने चौकट हलवली नाही. तिने लिहिले, "चौकट ९ : ०."

का, ते समजून घेण्यासारखे आहे. जिथे जास्त दिसते तिथेच मोजले, तर किनारा आहे त्यापेक्षा भरलेला वाटेल. पाच वर्षांनी कोणी दुसरा विद्यार्थी त्याच जागी प्रामाणिकपणे मोजायला येईल, त्याला कमी जीव मिळतील आणि तो म्हणेल, किनारा उजाड झाला. किंवा उलट, किनारा खरोखर उजाड होत असेल आणि खोट्या आकड्यांमुळे ते कोणाला कळणारच नाही. त्या शून्यावर पुढच्या माणसाचा भरवसा अवलंबून आहे. आपल्याकडे अमानत हा शब्द पैशापुरता आणि दागिन्यापुरता वापरला जातो. मोजून लिहिलेला आकडा हीसुद्धा अमानत आहे, आणि ज्याला ती सोपवायची तो माणूस कदाचित अजून जन्मलेलाही नसेल.

दुसरा नियमही याच जातीचा. दगड उलटून पाहिला, तर होता तसा परत ठेवायचा. दगडाखालचे जीव सावलीत आणि ओलाव्यात जगणारे असतात. उघड्यावर राहिले तर उन्हाने मरतात. आठवण म्हणून काही खिशात घालायचे नाही. प्रवाळ, समुद्रघोडा, समुद्रकाकडी यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. आपल्या राज्यात प्रवाळ पाहायचे तर मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात जावे लागते. तेथील २९.१२ चौरस किलोमीटरांचा भाग १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला.

सव्वाआठला पाणी पायाशी येऊ लागले. बाईंनी शिट्टी वाजवली. अकरावी चौकट तोपर्यंत पाण्याखाली गेली होती.

दर्या की दरिया?

दुपारी मंडळी भाट्ये खाडीवर गेली. काजळी नदी जिथे समुद्राला भेटते ती ही जागा. इथे पाण्याचा खारटपणा मोजायचा होता. खुल्या समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण पस्तीस ग्रॅम क्षार असतात. खाडीत जसजसे आत जावे तसतसे नदीचे गोडे पाणी मिसळून ते प्रमाण घटत जाते. एका दुर्बिणीसारख्या छोट्या यंत्रावर पाण्याचा थेंब ठेवून डोळ्याला लावले की आतल्या पट्टीवर आकडा दिसतो. काठावर कांदळवन, त्याची चिखलातून वर आलेली श्वासमुळे आणि चिखलावर उड्या मारणारी निवटी. निवटी मासा आहे, पण कल्ल्यांत पाणी साठवून आणि ओल्या कातडीतून श्वास घेऊन पाण्याबाहेर बराच काळ काढतो. कांदळवनाच्या मुळांत माशांची आणि कोळंबीची पिल्ले वाढतात. ते तुटले की पुढे जाळ्यात मासा कमी येतो, हे तिथल्या बायकांनी मुलींना न विचारता सांगितले.

संध्याकाळी मिरकरवाडा बंदर. इथे आपल्या समाजातले दालदी मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर पोट भरत आले आहेत. एका वयस्क खलाशाने मुलीला विचारले, "कुठली गो तू?" ती म्हणाली, दौंडची, भीमेच्या काठची. ते हसले, "म्हणजे तुमच्याकडे दर्या नाय."

रात्री फोनवर तिने हे नानीला सांगितले, तर नानी म्हणाली, "नहीं कैसे? दरिया तो है अपने शिरूर में."

दोघेही बरोबर होते. मराठीत दर्या म्हणजे समुद्र, उर्दूत दरिया म्हणजे नदी. शब्द एकच, फारसीतून आलेला. फारसीत त्याचा अर्थ समुद्र. आम्ही उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे असे शब्द भेटले की आम्हांला राहवत नाही. समुद्राने आपल्या भाषांत किती सरमिसळ केली आहे पाहा. उर्दूत मौज म्हणजे लाट, मराठीत मौज म्हणजे गंमत. होडीचा प्रमुख तो नाखवा, मूळ फारसी नाखुदा. खलाशी हा शब्द अरबीतून आला, बंदर फारसीतून. आपण पावसाला मोसमी म्हणतो तो अरबी मौसिम, कारण त्याच वाऱ्यांवर गलबते ये-जा करत. आणि अरबी जहाजांवर तारे पाहून दिशा सांगणाऱ्या जाणकाराला मुअल्लिम म्हणत, म्हणजे शिक्षक! आमच्या पेशाला समुद्रावर असा मान होता, हे वाचून आम्हांला बरे वाटले.

त्या खलाशाकडून मुलीने माशांची आणि शिंपल्यांची तेवीस स्थानिक नावे लिहून घेतली. पुस्तकातले लॅटिन नाव एका रकान्यात, दर्यावरचे नाव शेजारच्या रकान्यात. बाईंनी तपासताना त्या पानावर 'उत्तम' असा शेरा दिला.

दिवस इथे संपला नाही. रात्री दहापर्यंत नमुन्यांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावणे, जाळी गोड्या पाण्याने धुणे आणि कच्ची वही त्याच दिवशी पक्की करणे चालू होते. "उद्या लिहू" असे म्हटले की निम्मे विसरते, हा नियम. शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली सकाळच्या पाण्याचा एक थेंब. त्यात काचेच्या डब्यांसारखे एकपेशीय जीव तरंगत होते. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण पृथ्वीवर वनस्पती आणि शेवाळे मिळून जो प्राणवायू तयार करतात, त्यातला जवळपास निम्मा वाटा समुद्रातल्या अशा जीवांचा असतो.

आपल्यातले आणि आपल्याजवळचे

"हे क्षेत्र आपल्या लोकांचे नाही," असे कोणी म्हटले तर त्याला दोन नावे सांगावीत.

पहिले डॉ. सय्यद जहूर कासिम. १९२६ साली अलाहाबादेत जन्म, अलिगढ मुस्लिम विद्यापीठात शिक्षण, पुढे ब्रिटनमध्ये वेल्स येथे सागरी जीवशास्त्रात संशोधन. केरळात कोचीनच्या खाडीत, म्हणजे आपल्यासारख्याच उष्ण प्रदेशातल्या पाण्यात, सूक्ष्म वनस्पती किती अन्न तयार करतात यावर त्यांनी मूलभूत काम केले. गोव्यात दोना पावला येथे मुख्यालय असलेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १ जानेवारी १९६६ रोजी सुरू झाली. १९७४ पासून काही वर्षे ते तिचे संचालक होते. डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघालेल्या भारताच्या पहिल्या अंटार्क्टिका मोहिमेचे नेतृत्व त्यांनीच केले, आणि ९ जानेवारी १९८२ रोजी ती तुकडी त्या बर्फाळ खंडावर उतरली. पुढे ते दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियाचे कुलगुरू झाले.

दुसरे नाव डॉ. आदिती पंत. नागपूरला जन्म, पुणे विद्यापीठाची पदवी. ॲलिस्टर हार्डी या शास्त्रज्ञाचे 'द ओपन सी' हे समुद्रावरचे पुस्तक हाती पडले आणि त्यांनी वाट ठरवली. शिष्यवृत्ती मिळवून त्या हवाई बेटांवरच्या विद्यापीठात गेल्या, उष्ण कटिबंधातल्या त्या समुद्रात त्यांनी सूक्ष्म जीवांचा अभ्यास केला, नंतर लंडनला पीएच.डी. केली आणि परत येऊन गोव्याच्या संस्थेत रुजू झाल्या. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत त्या आणि भूशास्त्रज्ञ डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता या अंटार्क्टिकाला गेलेल्या पहिल्या भारतीय स्त्री शास्त्रज्ञ ठरल्या. ज्या पुण्यात आपल्या मुली रोज रेल्वेने शिकायला जातात, त्याच पुण्यातून ही वाट सुरू झाली होती.

शिक्षणाच्या सोयीही फार दूर नाहीत. बारावी विज्ञानानंतर रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे, १९८१ मध्ये सुरू झालेले. तिथे मत्स्यशास्त्राची चार वर्षांची पदवी मिळते. नागपूर आणि उदगीर येथेही मत्स्य महाविद्यालये आहेत. पुढच्या शिक्षणासाठी मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र घेऊनही या बाजूला वळता येते. नोकऱ्या मोजक्या आहेत आणि स्पर्धा आहे, हे पालकांपासून लपवण्यात अर्थ नाही. पण मत्स्यव्यवसाय विभाग, संशोधन संस्था, मत्स्यशेती, पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळा आणि अध्यापन, एवढ्या वाटा डोळ्यांसमोर ठेवून मुलीने निर्णय घ्यावा.

परत भीमेवर

रत्नागिरीहून परतल्यावर या मुलीने केलेली गोष्ट आम्हांला विशेष आवडली. एका रविवारी तिने आमच्या आठवीच्या मुलांना दौंडला भीमेच्या काठी बोलावले. सोबत एक जुनी स्टीलची ताटली होती, तिच्यावर पांढऱ्या आणि काळ्या रंगाचे पाव पाव भाग रंगवलेले, मध्ये भोक पाडून खुणा केलेली दोरी आणि खाली वजन. १८६५ साली सेकी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने समुद्राच्या पाण्याची स्वच्छता मोजण्यासाठी तबकडी वापरली होती. ती पाण्यात सोडत जायची आणि दिसेनाशी झाली की दोरीवरची खूण पाहायची. जेवढी खोल दिसेल तेवढे पाणी नितळ.

मुलांनी सुरक्षित धक्क्यावरून तीन वेळा मोजले आणि सरासरी काढली. कडेला जलपर्णी किती पसरली आहे, ते दोरी धरून मोजले. एकाने विचारले, जलपर्णी हिरवीगार आहे, मग वाईट कशी? तिने समजावले की नदीत सांडपाण्यातून आणि शेतातल्या खतांतून नत्र आणि स्फुरद येते, त्यावर ती माजते. पाणी झाकले जाते, खाली उजेड पोचत नाही, पुढे ती कुजते तेव्हा पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासा गुदमरतो. पुण्यासारख्या मोठ्या शहराचे पाणी मुळा-मुठेतून आपल्याकडे येते आणि आपण त्यात आपली भर घालून पुढे उजनीकडे पाठवतो. उजनीच्या जाळ्यांत आज चिलापी भरपूर सापडतो. तो मूळचा आफ्रिकेतला मासा, गढूळ पाण्यातही तग धरणारा. नदीतले जुने मासे कोणते आणि आता कोणते दिसत नाहीत, हे काठावरच्या भोई कुटुंबांतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहायचे काम तिने मुलांना दिले आहे. मिरकरवाड्याला तिने केले तेच, फक्त नदीवर.

मुले आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तबकडी घेऊन जातात. सोबत दोन शिक्षक असतात, पालकांची लेखी परवानगी असते आणि पाण्यात कोणी उतरत नाही. शिरूरच्या काही पालकांनी घोडनदीवर असेच सुरू करण्याबद्दल विचारले आहे. आमची त्यांना विनंती एवढीच की वर्षभर पुरेल असे काम ठरवा. एका दिवसाच्या आकड्याचा उपयोग थोडा असतो. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे बारा आकडे एकाखाली एक लिहिले की मुलांनाच प्रश्न पडू लागतात.

ज्या घरांत मुलगी अशा क्षेत्रअभ्यासाला निघाली असेल, त्यांनी त्या अम्मीची यादी जवळ ठेवावी. सोबत कोण आहे, मुक्काम कुठे आहे, भरती-ओहोटीच्या वेळा कोणी तपासल्या आहेत, पाण्यात किती आत जायचे आहे, होडीत बसणार असतील तर सर्वांना लाइफ जॅकेट आहेत का, औषधपेटी आहे का, रुग्णालय किती दूर आहे. पावसाळ्याच्या दिवसांत किनारा धोक्याचा असतो, तेव्हा नेत असतील तर कारण विचारावे. उत्तरे नीट मिळाली, तर मुलीला जाऊ द्यावे. मिळाली नाहीत, तर नकार देण्याआधी पुन्हा एकदा विचारावे, कारण पुष्कळदा चूक मुलीच्या इच्छेत नसते, नियोजनात असते आणि ती दुरुस्त करता येते.

आमच्या विद्यार्थिनीची पुढची फेरी मे महिन्यात आहे. त्याच किनाऱ्यावर, त्याच दोरीने, त्याच अकरा चौकटी मोजायच्या आहेत. नवव्या चौकटीत या वेळी काय मिळते, ते कळवायला तिला आम्ही सांगून ठेवले आहे. मामूंनी या खेपेला प्रश्न विचारला नाही. त्यांनी पुण्याहून हातमोज्यांचा जोड आणून दिला आहे.